झाकणाचं बेसिन

प्लंबरला सगळ्या जगाची किळस यायची, आणि त्याचा धंदा होता जगाची घाण उपसण्याचा. देव कधीकधी असा विनोद करतो आणि मग हसायला थांबत नाही. सव्वीस वर्षं तो लोकांचे संडास, मोऱ्या आणि चेंबर उघडत आला होता, पण त्याच्या नाकाला त्याची सवय म्हणून झाली नाही. काम संपलं की कोपरापर्यंत तीनदा साबण, नखांना ब्रश, मग हात नाकाशी नेऊन वास घ्यायचा, आणि तोंड वाकडं करून चौथ्यांदा धुवायचे. दुसऱ्याच्या घरी तर तो पाणीही पीत नसे. ज्याने लोकांच्या मोरीखाली वाकून बघितलंय, त्याच्या घशाखाली लोकांच्या घरचा घोट उतरत नाही, असं तो म्हणायचा. लोक त्याला शिष्ट म्हणायचे, आणि संडास तुंबला की त्यालाच बोलवायचे.

बुधवारी पहाटे त्याचे बाबा गेले, आणि त्याच सकाळी प्रार्थनाघरात गटार वर आलं.

प्रार्थनाघर म्हणजे चार पांढऱ्या भिंती, बाकं, एक टेबल आणि टेबलावर पवित्र शास्त्र. मूर्ती नाही, चित्र नाही, घंटा नाही, पगारी धर्मगुरूही नाही. मंडळीतले वडील, म्हणजे निवडलेले ज्येष्ठ सभासद, आळीपाळीने उभे राहत आणि वचन वाचत. बाबांनी तिथे चाळीस वर्षं उपदेश केला, आणि त्यातली निदान तीस वर्षं तरी त्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला असलेल्या फादर लोकांच्या चर्चवर खर्ची घातली. येशू एकच, त्याची घरं दोन, मध्ये दोनशे पावलं आणि चाळीस वर्षांचा अबोला. "वरचे लोक धूप का जाळतात?" बाबा विचारायचे, आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "आतला वास झाकायला." मग बोट खिडकीबाहेर जायचं. "त्यांची घाण उतारावरून शेवटी आपल्याच दारात येते."

रस्त्याचा उतार बघता यात तथ्य होतं. म्हणूनच प्लंबर सहा वर्षं बाबांच्या मागे लागला होता की प्रार्थनाघराच्या पाइपला एक झडप बसवू, म्हणजे गटाराचं पाणी उलटं आत येणार नाही. बाबांनी ऐकलं नाही. "परमेश्वराच्या घरात घाण शिरत नसते," ते म्हणाले.

शिरली. बुधवारी सकाळी बाकांच्या पायांशी दोन बोटं काळं पाणी होतं, आणि त्यात काय काय तरंगत होतं ते सांगून कुणाचं जेवण वाया घालवायचं नाही. प्लंबरने वडिलांचे डोळे मिटले, तोंड धुतलं, आणि रडायला बसण्याऐवजी गमबूट घालून रस्त्यावरच्या चेंबरमध्ये उतरला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ते असं.

चेंबरमध्ये मेण सापडेल अशी त्याला मनापासून आशा होती. वरच्या चर्चमधलं मेण, वर्षानुवर्षांच्या मेणबत्त्यांचं, गोठून दगड झालेलं. तसं झालं असतं तर बाबांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि मुलाने मेलेल्या बापासाठी तेवढं तरी केलं असतं. पण हाताला लागली ती बाळांची ढुंगणं पुसायची ओली फडकी, शेकड्याने, आणि त्यांना चिकटलेला चरबीचा पिवळा गोळा. फडकी मंडळीच्या पाळणाघरातली. चरबी मंडळीच्या स्वयंपाकघरातली. सगळं घरचं होतं. त्याला इतकी शिसारी आली की हातातला गोळा त्याने काठावर भिरकावला.

तेवढ्यात वरून कुणीतरी म्हणालं, "वर या जरा. हात धुऊन घ्या."

वरच्या चर्चची देखरेख करणारी बाई होती. साठीची, जाडजूड, पायावर सूज, कमरेला चाव्यांचा एवढा जुडगा की ती येण्याआधी आवाज येई. गल्लीत तिला चावीवाली म्हणत. तिच्या एका हातात गरम पाण्याची बादली होती, दुसऱ्या हातात नवा साबण आणि घडी केलेला टॉवेल.

"बाबांचं कळलं," ती म्हणाली. "वाईट झालं."

"हं," प्लंबर म्हणाला. बादलीच्या काठाला मेणाचा एक थेंब वाळलेला होता. त्याची नजर तिथेच गेली.

"तुमचं प्रार्थनाघर आठवडाभर तरी वापरता यायचं नाही. फादर म्हणाले, त्यांना आमच्यात आणा. काय लागेल ते सांगा."

"बघतो," तो म्हणाला. हात त्याने तिच्या साबणाने धुतले नाहीत. आपलाच काढला.

आता बघण्यासारखं काय होतं? घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याच्या वळणावर शवपेटी वळत नव्हती. रस्त्यापलीकडचं कार्यालय लग्नाला दिलेलं. स्मशानभूमीत एका दफनाला पंधरा मिनिटं मिळत, तीही उभ्याउभ्या, पुढचे लोक घड्याळाकडे बघत खोळंबलेले. आणि बाबांनी मंगळवारी संध्याकाळी, शुद्धीवर असताना, मुलाचा हात धरून दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, मंडळीसमोर एक तास ठेव, छपराखाली, लोक बसलेले पाहिजेत. दोन, "माझ्याजवळ मेणबत्ती लावू देऊ नकोस. एकसुद्धा. शब्द दे." त्याने शब्द दिला. बापाला दिलेला तो शेवटचा शब्द, त्यामुळे तो मोडण्याचा प्रश्न नव्हता, आणि पाळायला जागा नव्हती.

ताईच्या घरी बसून सगळ्यांनी डोकी खाजवली. ताईचे यजमान, म्हणजे दाजी, मंडळीतले एक वडील होते आणि बाबांनंतर आता उपदेश आपल्याकडेच येणार हे त्यांच्या बसण्यातही दिसायला लागलं होतं.

"जाऊ तिथेच," दाजी म्हणाले. "काय करणार? अडला हरी..." आणि ही म्हण आपल्या तोंडी शोभत नाही हे लक्षात येऊन थांबले. "म्हणजे, नाइलाज आहे."

"पण तो धूप," ताई म्हणाली. "मला तर तिथून नुसतं जाताना मळमळतं."

"एक तासाचा प्रश्न आहे. नाक दाबून काढू."

प्लंबरलाही तेच वाटत होतं, पण दाजींच्या तोंडून ऐकताना का कोण जाणे कसंतरीच झालं.

गुरुवारी तो जागा बघायला गेला. दार उघडताच जुनं मेण, दमट कापड आणि घशाला चिकटणारा धूप एकदमच अंगावर आला. आत कोपऱ्याकोपऱ्यात मूर्ती. एकीच्या छातीतून रंगवलेलं रक्त गळत होतं. एक काचेच्या पेटीत आडवी, डोळे अर्धे मिटलेली. दाराजवळच्या दगडी मूर्तीचा उजवा पाय अंगठ्याशी झिजून गुळगुळीत झाला होता. का, ते त्याला लगेच दिसलं. एक बाई आली, वाकली, पायाला ओठ लावले, निघून गेली. तिच्या मागून दुसरी आली आणि त्याच ओल्या जागी, न पुसता, तिनेही लावले. प्लंबरने नकळत स्वतःचेच ओठ पुसले. चेंबरमध्येसुद्धा त्याला एवढी किळस आली नव्हती.

"चहा टाकू?" चावीवालीने विचारलं.

"नको." त्याने मूर्ती मोजल्या. चौदा. "मेणबत्ती चालणार नाही. बाबांना शब्द दिलाय मी."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"बघते," ती म्हणाली. वाद नाही, कपाळाला आठी नाही. "आणि मूर्तींचं म्हणाल तर कापडं आहेत आमच्याकडे. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आम्हीच त्यांना झाकतो. यंदा दोनदा झाकू. त्या काही तक्रार करत नाहीत."

ती हसली. प्लंबर हसला नाही. उपकार त्याला नको होता. फादर लोकांच्या उपकाराचं ओझं अंगावर घेऊन बापाला मातीत कसं उतरवायचं? म्हणून तो म्हणाला, "फुकट काही घ्यायचो नाही. तुमचं काय बिघडलंय ते दाखवा."

तिने मागच्या खोलीच्या आतला संडास दाखवला. टाकी वर्षभर गळत होती. मग ती शिडी आणि जांभळ्या कापडांचा गठ्ठा घेऊन मूर्ती झाकायला गेली, आणि प्लंबर कामाला लागला. टाकीचं काम वीस मिनिटांत उरकलं. मागची खोली म्हणजे फादर झगे चढवतात ती. कपाटं, खण, चांदीची भांडी. आणि भिंतीला लागून एक लहान दगडी बेसिन, त्यावर पितळेचं झाकण. त्याला नळ नव्हता. झाकण चकचकीत घासलेलं. खाली वाकून पाइप बघितला तेव्हा तर प्लंबरचा विश्वासच बसेना. पाइप भिंतीतून सरळ बाहेर अंगणात जात होता आणि एका झुडपाखाली मातीतच संपत होता. गटाराची लाइन तिथून हातभर अंतरावर, आणि या शहाण्यांनी सांडपाणी सोडलेलं मातीत, भिंतीच्या पायाशी.

"बाहेरून चांदी, आतून ही बोंब," तो स्वतःशी म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. मेण सापडलं नव्हतं, पण हे सापडलं.

ज्या उस्तादाकडे तो धंदा शिकला, त्याचा पहिला नियम असा होता की घरमालकाला विचारल्याशिवाय पाइपला करवत लावायची नाही. सव्वीस वर्षांत प्लंबरने तो मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. बाई शिडीवर होती, हाक मारली असती तर ऐकू आली असती. पण तिला विचारायचं म्हणजे पुन्हा काहीतरी मागितल्यासारखं, आणि त्याला तर देऊन मोकळं व्हायचं होतं. त्याने पाइप कापला, गटाराच्या लाइनला जोडला, आणि मध्ये एक नवा कोरा वाक बसवला. गटाराला जोडलेल्या पाइपला असा वाक द्यावाच लागतो. त्याच्या खोलगट भागात कपभर पाणी कायम साचून राहतं आणि ते गटाराचा वास आत येऊ देत नाही. इतर कुठेही त्याने तांब्याभर पाणी ओतून काम तपासलं असतं. पण या बेसिनला नळ नाही, हाताशी तांब्या नाही, आणि खरं म्हणजे या लोकांसाठी तांब्या शोधत फिरायची इच्छा नाही. वाक कोरडाच राहिला. प्लंबरने हात चारदा धुतले आणि घरी गेला.

शुक्रवारी सकाळी तो लवकर आला. पुढच्या दाराला उंच पायऱ्या होत्या म्हणून शवपेटी डावीकडच्या अंगणातून आत आणली आणि पुढे मधोमध ठेवली. अंगणाचं दार पेटीच्या डावीकडे, मागच्या खोलीचं दार उजवीकडे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याला तेवढं अंतर सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत चालायचं आहे.

चौदाच्या चौदा मूर्ती झाकलेल्या होत्या, दाराजवळचा झिजलेला पायसुद्धा. मेणबत्त्या नव्हत्या, मेणबत्त्यांचे स्टँडही नव्हते. खिडक्या उघड्या टाकून धुपाचा वास शक्य तेवढा घालवलेला. भिंतीवर तांबड्या काचेचा एक दिवा टांगलेला होता, तोही विझलेला. बाबा पडले होते तसेच, साध्या लाकडी पेटीत, आणि आसपास आगीची एक ठिणगी नव्हती. शब्द पाळला गेला होता.

"तो लाल दिवा बारा महिने विझत नाही म्हणे," प्लंबर म्हणाला.

"आतल्या कपाटात प्रभूचा प्रसाद असतो, पवित्र भाकर, आमच्या लेखी साक्षात प्रभूच. ती आहे तोवर विझवता येत नाही," चावीवाली म्हणाली. ती खुर्च्या मांडत होती. "म्हणून फादरांनी सकाळीच तो आपल्या घरी नेला. कपाट रिकामं झालं म्हणजे दिवा विझवला तरी चालतो."

एवढा खटाटोप त्याने मागितला नव्हता. एका मेणबत्तीचं सांगायला गेलो, तर या बाईने देवालाच दुसरीकडे हलवलं. उपकार पुन्हा जड व्हायला लागला, आणि तो हलका करायला प्लंबर म्हणाला, "तुमचं ते झाकणाचं बेसिन सरळ करून दिलंय काल. पाइप मातीत सोडलेला होता. कुठल्या आंधळ्याने बसवला कुणास ठाऊक."

चावीवालीच्या हातातली खुर्ची खाली टेकली.

"कुठे जोडलात?"

"गटाराला. आणखी कुठे जोडणार?"

ती त्याच खुर्चीवर बसली. चाव्यांवर हात दाबून धरला, आवाज होऊ नये म्हणून धरतात तसा.

"ते मातीतच जायला पाहिजे," ती म्हणाली. "प्रसादाचं भांडं धुतलं की ते पाणी गटारात टाकायचं नसतं. भांड्याला कणही चिकटून राहिलेला असू शकतो. म्हणून ते वेगळं बेसिन. आज सकाळी भांडं रिकामं केलं. पहिलं पाणी फादर प्यायले. दुसरं मी ओतलं तिथे."

प्लंबर नको ते बोलला. "पाणीच ना पण."

"हो," ती म्हणाली. "तुमच्या दृष्टीने पाणीच."

मग ती उठली. चेहरा पांढरा पडला होता, पण खुर्ची उचलली आणि जागेवर ठेवली. "फादरांना मी नंतर सांगेन. आत्ता सांगितलं तर सगळं सोडून ते तिकडे धावतील, आणि तुमच्या बाबांना ताटकळावं लागेल. चला, लोक यायला लागलेत."

लोक आले. म्हणजे प्लंबरचीच मंडळी, ज्यांच्या बाळांची फडकी त्याने परवा हाताने उपसली होती. बायकांनी दारातच नाकाला रुमाल लावले. एकाने बाकावर बसण्याआधी वर्तमानपत्र पसरलं. दुसऱ्याने जांभळं कापड बोटाने उचलून आत डोकावलं, शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं, आणि दोघं खांदे हलवत हसले. फादर झगा न घालता साध्या शर्टात अंगणाच्या दाराशी उभे होते आणि म्हाताऱ्यांना हात देऊन उंबरा ओलांडायला मदत करत होते. हात घेणारे हात घेत होते आणि आत येऊन कपड्यांना पुसत होते. प्लंबर पहिल्या बाकावर बसून हे बघत होता. आपणही परवा हेच केलं, दुसऱ्यांचा साबण नाकारून. किळस आता त्याला स्वतःचीच यायला लागली, आणि त्या किळसेवर साबण नसतो.

दाजी बोलायला उभे राहिले. खाल्ल्या घरचे वासे मोजावेत ते दाजींनी, तेही खाता खाता.

"ज्या माणसाने आयुष्यभर अंधश्रद्धेच्या गटाराविरुद्ध आवाज उठवला," दाजी म्हणाले, "त्याला आज कुठे ठेवण्याची वेळ आली आहे, हे आपण पाहतोच आहोत. परंतु प्रभूने डुकरांच्या कळपातूनही उधळ्या पुत्राला परत आणलं."

दोघातिघांनी 'आमेन' म्हटलं. चावीवाली शेवटच्या बाकावर बसून ऐकत होती. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही, फक्त हात चाव्यांवर होता. प्लंबरला वाटलं, या माणसाला गटार म्हणजे काय ते ठाऊक नाही. आयुष्यात एकदा तरी याने खाली उतरून बघायला हवं होतं.

मला ठाऊक आहे गटार काय असतं, तो मनात म्हणाला. त्या बाईच्या देवाचा कण तिथे गेला, आणि पाठवला मी. असेल किंवा नसेल, पण तिच्या लेखी गेला. आणि ती गप्प बसलीय ती माझ्या बापासाठी.

दाजींनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्लंबरनेही घातली, आणि डोळ्यांसमोर पाइप आला. भिंत, बेसिन, वाक. नवा वाक, कोरडा. तांब्या ओतलाच नाही आपण. वाकात कपभर पाणी मावतं, आणि ते भरल्याशिवाय थेंबही पुढे गटारात जात नाही. तिने किती ओतलं असेल? एक भांडं विसळायला किती पाणी लागतं?

त्याने मान वर केली. नेमकं त्याच वेळी मंडळीतल्या एका बाईचं तान्हं मूल ओकलं. तिने ते शेजारणीकडे दिलं, दुपट्याचा आंबूस बोळा एका हातात आणि पाण्याची बाटली दुसऱ्या हातात घेतली, आणि मागच्या खोलीकडे निघाली.

बाबांसाठीची शेवटची प्रार्थना चालू होती. मुलगा पेटीजवळ पाहिजे. प्लंबर एक क्षण बसून राहिला, मग उठला आणि जवळजवळ धावतच गेला.

बाईने पितळेचं झाकण उघडलं होतं, आणि बाटली तिरपी केली होती.

"थांबा," तो म्हणाला. "तिथे नाही. आत संडासाजवळ दुसरं बेसिन आहे, तिकडे धुवा."

बाई घाबरून तिकडे गेली. प्लंबरच्या मागे चाव्यांचा आवाज आला.

"किती ओतलंत?" त्याने विचारलं.

चावीवालीने कपाटातली एक काचेची वाटी दाखवली. "ही. अर्धी."

"नंतर काही?"

"नाही."

"मग ते अजून इथेच आहे." त्याने बेसिनखालच्या वाकावर बोट ठेवलं. "हा भरल्याशिवाय पुढे जात नाही. कोरडा होता. मी तपासला नव्हता."

तिने तोंडावर हात ठेवला. तो खाली बसणार होता, पण उठला. संडासाजवळच्या बेसिनपाशी जाऊन त्याने हात धुतले. साबण, कोपरापर्यंत, एकदा, दोनदा, तीनदा. आजवर तो कामानंतर हात धुवायचा. आधी कधी धुतले नव्हते.

मग गुडघ्यांवर बसून त्याने वाकाचे दोन्ही नट हाताने सोडवले, पाना न लावता, आणि वाक काढून दोन्ही तळव्यांत आडवा धरला. आत पाणी हललं ते त्याला जाणवलं. पाइपच्या कडेने दोन थेंब त्याच्या मनगटावर आले.

"अंगणात जायला दुसरी वाट आहे?"

"नाही," ती म्हणाली. "मधूनच."

तो मधूनच गेला. उजवीकडून डावीकडे, बाबांची पेटी आणि पहिलं बाक यांच्यामधून, प्लास्टिकचा एक पांढरा पाइप दोन्ही हातांत धरून, पाणी सांडू नये म्हणून पाय मोजून टाकत. मागे चावीवाली. दाजींची प्रार्थना अर्ध्यावर थांबली. लोकांनी एकेक करून डोळे उघडले. ताईने रुमाल नाकावरून तोंडावर नेला. कुणी हसलं नाही, आणि कुणाला काही कळलंही नाही. दारातले फादर मात्र पाइपकडे बघून, मग चावीवालीच्या चेहऱ्याकडे बघून, काही न विचारता बाजूला झाले आणि त्यांनी मान लववली.

अंगणातून मागे वळसा घालून, झुडपाखाली पाइपचं जुनं तोंड होतं तिथेच त्याने वाक तिरपा केला. अर्धी वाटी पाणी, त्याहून जास्त नाही. मातीने ते लगेच पिऊन टाकलं. चावीवालीने छातीवर क्रूसाची खूण केली. प्लंबरने केली नाही. ते त्यांच्यात नव्हतं.

"संध्याकाळी पाइप होता तसा बसवून देतो," तो म्हणाला. "आणि फादरांना मीच सांगतो. कापला मी."

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "आधी तिकडे जा."

आत पेटी उचलायची वेळ झाली होती. सहाजण जमले होते, पुढचा उजवा कोपरा मुलासाठी ठेवलेला. दाजी त्याच्या कानाशी आले. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

"काय चाललंय तुझं? बापाच्या प्रार्थनेतून उठून मोरीची कामं करतोस? जा, हात धुऊन ये आधी. गटाराचे हात बाबांना लावू नकोस."

प्लंबरने हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत ओले होते. सवयीने ते नाकाशी नेले. साबणाशिवाय कसलाही वास नव्हता.

"गटाराचे नाहीत," तो म्हणाला, आणि तसेच ओले हात त्याने पेटीखाली घातले.

बाबांनी मेणबत्तीचं सांगितलं होतं. पाण्याचं काही सांगितलं नव्हतं.